बाबांची खोली धरून

एखादे घर हिवाळ्यात उबदार ठेवायला किती खर्च येईल, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी प्राथमिक आहे. भिंतींचे क्षेत्रफळ, आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक आणि भिंत उष्णतेला किती सहज बाहेर सोडते ते सांगणारा एक गुणांक, या तिघांचा गुणाकार करावा आणि स्वस्थ बसावे. हा गुणाकार करता करता माझा एक अख्खा हिवाळा गेला, दोन शेजारी दुरावले, नगरपालिकेत माझ्या नावाची एक जाड फाइल तयार झाली आणि घरात काही काळ माझ्याशी फक्त कामापुरते बोलले जाऊ लागले. उत्तर मात्र बरोबर आले. त्यात भिंतींचा दोष फारसा निघाला नाही.

मी सरकारी प्रयोगशाळेत तापमापक तपासतो. इस्पितळांचे, शीतगृहांचे, औषधांच्या कारखान्यांचे तापमापक माझ्या टेबलावर येतात; मी त्यांना वितळत्या बर्फात बुडवतो आणि ते खरे बोलतात की नाही याचा दाखला देतो. अशा कामाने माणसाचा स्वभाव बनत जातो. कोणी 'आज फारच गारठा आहे' म्हणाले की मला त्याच्या शिक्षणाविषयी शंका येते. बायकोचे म्हणणे असे, की कामाचा यात काही दोष नाही. मी लग्नाआधीही असाच होतो आणि तिला त्या वेळी ते गमतीचे वाटले होते.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले, त्याला तीन हिवाळे झाले. बाबा उभा जन्म एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटबोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत काहीही त्यांच्या सहीशिवाय बाहेर गेले नाही, आणि सही सहजासहजी मिळत नसे. बोलणे बेताचे, जेवणे बेताचे, हसणे तर फारच बेताचे. पण एक गोष्ट त्यांच्यात अशी होती, जी मला उभ्या आयुष्यात दुसऱ्या कोणात आढळली नाही. मी एखादी गोष्ट समजावून सांगू लागलो की ते ती शेवटपर्यंत ऐकत. पाण्याचा उत्कलनबिंदू उंचीप्रमाणे का बदलतो, हे मी त्यांना एकदा सबंध संध्याकाळ सांगितले. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "हं. मग पुढे, जावईबापू?" मुले परगावी शिकायला, बायको शाळेच्या वह्यांत बुडालेली. घरात श्रोता म्हणावा असा तो एकच होता.

बाबांना खोकला होता. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि बजावले की त्यांची खोली कधीही वीस अंशांच्या खाली जाता कामा नये. मी तापमापक पाहत असे. सकाळी कामावर जाताना वीस, संध्याकाळी परतल्यावर वीस. तरी खोकला हटेना. बायकोने यावरून निष्कर्ष काढला की घर तापवणारा गॅसचा बॉयलर म्हातारा झाला आहे आणि त्याची ऊब पोकळ आहे. ऊब पोकळ नसते, असे मी म्हणालो. त्यावर तिने बाबांच्या पलंगावर आणखी एक रजई टाकली.

तिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत राहतो. तो जाहिरातींच्या धंद्यात आहे आणि 'साधारण' हा शब्द उच्चारल्याशिवाय त्याला आकडा बोलता येत नाही. त्याने फोन केला.

"भाऊजी, बाबांना आमच्याकडे पाठवा. आमच्या बिल्डिंगला सगळीकडे सारखी हीट असते. साधारण पंचवीस. साधारण चोवीस तास."

"पंचवीस त्यांच्या छातीला जास्त होईल," मी म्हणालो.

"मग साधारण बावीस."

फोन ठेवल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "थंडी पडायच्या आत घराचं काहीतरी करा. नाहीतर बाबा दादाकडे जातील. मला ते जायला नकोत, पण मी त्यांना इथे खोकतही ठेवणार नाही."

अशा रीतीने मी हीट पंपाकडे वळलो.

ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घराबाहेर पंखा असलेली एक पेटी ठेवतात. ती बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करते, दाबून अधिक गरम करते आणि घरातल्या रेडिएटरांत, म्हणजे भिंतीला लावलेल्या गरम पाण्याच्या लोखंडी पेट्यांत, आणून सोडते. एक भाग वीज घ्यावी आणि तीन भाग ऊब मिळवावी, असा हा व्यवहार आहे. तो पूर्णपणे शास्त्रशुद्ध असूनही ऐकणाऱ्याला लबाडीचा वाटतो. बाबांनी मात्र नेमका प्रश्न विचारला.

"एक देऊन तीन येतात. मग वरचे दोन कोणाच्या खात्यातून?"

"बाहेरच्या हवेच्या."

"तिची सही?"

डाव्या बाजूच्या घरात एक विमा एजंट बाई राहतात. त्यांना मी कुंपणापाशी हे तत्त्व फ्रिजचे उदाहरण देऊन समजावले. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा पंप बाहेरची आत टाकतो. विमाबाई विचारात पडल्या. "म्हणजे तुम्ही सगळ्या जगाला फ्रिजमध्ये ठेवणार आणि स्वतः मागच्या जाळीला टेकून बसणार." हे वर्णन इतके अचूक होते की मला राग आला. त्यांनी पुढे आश्वासन दिले की अशा उपकरणाचा विमा त्या उतरवून देतील, परंतु ते पेटले तरच पैसे मिळतील. न चालल्यास नाही.

उजवीकडच्या दंतवैद्यांनी हे यंत्र आधीच बसवले होते. त्यांनी मला आपल्या अंगणात नेले आणि आम्ही दोघे एका घुमणाऱ्या पेटीसमोर काही वेळ नतमस्तक उभे राहिलो.

"कोणी काहीही आकडा सांगू दे, त्याला दोनाने गुणायचं," ते म्हणाले. "बसवायचा खर्च दोनाने, वीज दोनाने, आवाज दोनाने."

"आणि ऊब?"

"तिला भागायचं."

इतके सांगून त्यांनी मला तोंड उघडायला लावले आणि खालची एक दाढ काळजीची असल्याचे फुकट निदान केले.

मी तीन विक्रेते बोलावले. पहिला गाडीतून उतरलाच नाही. त्याने खिडकीची काच खाली करून घराकडे पाहिले आणि मोठा पंप लिहून दिला. दुसऱ्याने सारे रेडिएटर मोजले, एक दोनदा मोजला, आणि मध्यम पंप लिहून दिला. तिसऱ्याने घराकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने माझा हुद्दा विचारला आणि लहान पंप लिहून दिला. तिघांच्या अंदाजात इतके अंतर होते, की माझ्या टेबलावर असे तीन तापमापक आले असते तर मी तिन्ही फोडले असते. मी विचारले, "हा आकडा काढलात कसा?" तिघांनीही एकच उत्तर दिले: अनुभव. अनुभवाला दशांश चिन्ह नसते, ही त्याची मोठीच अडचण आहे.

म्हणून मी ते स्वतः करायचे ठरवले. पद्धत निर्दोष होती. मागच्या तीन हिवाळ्यांत घराने किती गॅस जाळला हे बिलांवर होते. बाहेर किती थंडी होती हे वेधशाळेकडे होते. आत वीस अंश होते, हे मी रोज दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होतो. पहिल्याला दुसऱ्या-तिसऱ्यातल्या फरकाने भागले की घर किती उष्णता गमावते ते कळते. मी भागाकार केला. पुन्हा केला. मग उठून भिंतीवर हात ठेवला, कारण मला तिच्याविषयी आदर वाटू लागला होता. सर्वात छोटा पंपही या घराला सैल व्हावा असे उत्तर आले होते.

जेवताना मी ते जाहीर केले. "आपलं घर असामान्य आहे. इतक्या जुन्या घरांना जेवढी उष्णता लागते, तिच्या निम्म्याहून थोडी जास्त आपल्याला पुरते. अचूक सांगायचं तर बावन्न पूर्णांक चार टक्के."

बायको म्हणाली, "मग पाय का गारठतात?"

"ती वैयक्तिक बाब आहे."

बाबा ताटात पाहत म्हणाले, "बांधकाम चांगलं आहे. बॉयलर तेवढा जुना झालाय." आणि खोकले.

लहान पंपाची किंमत माझ्या साडेचार पगारांएवढी होत होती. नगरपालिका त्यातला काही हिस्सा देते असे कळले, म्हणून मी अर्ज केला. ऊर्जा सहाय्य कक्ष नावाची एक खोली आहे, तिच्या खिडकीमागे एक गृहस्थ बसतात. त्यांच्याकडे रेडिएटर होता आणि त्यावर त्यांचे मोजे वाळत होते. त्यांनी माझे आकडे वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले:

"या घरात कोणी राहतं का?"

"मी राहतो."

"आकड्यावरून वाटत नाही. इतकी कमी उष्णता एक तर नव्या घराला लागते, नाहीतर रिकाम्या. नवं घर नाही, हे तुम्हीच लिहिलंय. रिकाम्या घराला सहाय्य नाही."

मी त्यांना सांगितले की मी तापमापकांचा अधिकृत तपासनीस आहे. ते म्हणाले की त्यांना तापमापकाविषयी काही म्हणायचे नाही, राहण्याविषयी म्हणायचे आहे. मी राहतो याचा पुरावा आणावा. शेजाऱ्यांचे जबाब चालतील. तसेच पंपाच्या आवाजाला त्याच शेजाऱ्यांची हरकत नसल्याचे पत्रही लागेल, तेव्हा एकाच खेपेत दोन्ही कामे होतील.

दंतवैद्य मी राहतो हे मान्य करायला तयार झाले; मात्र पंप विमाबाईंच्या बाजूला बसवावा ही अट होती. विमाबाईंनीही माझे अस्तित्व मोठ्या मनाने कबूल केले. पंप दंतवैद्यांच्या बाजूला असला तर. त्यांचे म्हणणे, "त्यांच्याकडे एक आवाज आहेच. दुसरा त्यात मिसळून जाईल." आवाज मिसळून जात नाहीत, त्यांची बेरीज होते, हे मी सूत्रासह सांगितले. तेव्हापासून त्या मला पाहिले की कुंपणापासून आत जातात. मी राहतो हे सिद्ध करता करता मी कोणालाच नको आहे, हेही आपसूकच सिद्ध होत गेले.

मग मी ठरवले की शेजारीपाजारी जाऊ देत. आपण थेट मोजमापच सादर करू. मी प्रयोगशाळेतून किमान-कमाल तापमापक आणले. हा तापमापक गेल्या खेपेपासूनचे सर्वात खालचे आणि सर्वात वरचे तापमान लक्षात ठेवतो. एकेक खोलीत एकेक टांगला. घरात सदैव वीस अंश असतात, म्हणजे माणसे राहतात, असे त्या खिडकीतल्या गृहस्थांच्या तोंडावर फेकायचा माझा बेत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. सगळीकडे वीस. पण बाबांच्या खोलीतल्या तापमापकाने किमान तापमान दाखवले अकरा पूर्णांक तीन. स्वयंपाकघरातल्याने बारा. बैठकीतल्यानेही बाराच्या आसपास.

मी शास्त्रीय पद्धतीने गेलो. प्रथम तापमापकांवर संशय घेतला. ते परत प्रयोगशाळेत नेले, बर्फात बुडवले, निर्दोष होते. दुसरे आणले. तेही तेच बोलले. मग खिडक्यांवर संशय घेतला आणि फटींत कापूस भरला. मग बॉयलरच्या घड्याळावर. मग मजकुरावर बोट ठेवून पंपवाल्यांची माहितीपत्रके वाचली, की जुने रेडिएटर दुपारी आपोआप झोपतात की काय. बाबांना विचारले, "दिवसा थंडी वाजते का हो?" ते म्हणाले, "छे." बाबांच्या शब्दावर संशय घेणे मला सुचलेच नाही. ते मोजमापाच्या बाहेरचे होते.

शेवटी एके दिवशी भर दुपारी मी कामावरून निघून घरी आलो. मी कधी त्या वेळी येत नाही. दार उघडले आणि आपण अजून बाहेरच आहोत असे मला वाटले. तोंडातून वाफ निघत होती. स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर हात ठेवला, लोखंड बर्फासारखे. खालचा व्हॉल्व्ह घट्ट बंद. बैठकीतला बंद. आमच्या झोपायच्या खोलीतला बंद.

बाबांच्या खोलीचे दार लोटलेले होते. आतून घाईने काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मी आत गेलो तेव्हा ते एक हात ओव्हरकोटाच्या बाहीतून काढून दुसरा काढायच्या बेतात होते. गळ्यात मफलर, हातांत हातमोजे, मांडीवर वर्तमानपत्र.

"अरेच्चा, जावईबापू! लवकर आलात. बरं नाही का?"

"बाबा, हे व्हॉल्व्ह कोणी बंद केले?"

त्यांनी कोट पुन्हा चढवला. आता लपवायला काही उरले नव्हते, आणि थंडी तर होतीच.

"तुम्ही दोघं सकाळी जाता," ते म्हणाले. "मागे मी एकटा. एका माणसासाठी सगळ्या घराला माल द्यायचा? मी तुम्ही गेलात की बंद करतो, आणि तिची यायची वेळ झाली की तासभर आधी चालू करतो. पोहोचता पोहोचता वीस होतात. मी पाहिलंय. तुमचा तापमापक फार चांगला आहे."

"रोज?"

"रविवार सोडून."

"आल्यापासून?"

"स्टोअरचा नियम आहे, जावईबापू. मागणी नसेल तर माल बाहेर काढायचा नाही."

"पण तुम्ही आहात की मागणी!"

 ते वर्तमानपत्राची घडी मोडत म्हणाले, "मुलीच्या घरी माणसानं किती मागावं, यालाही काही माप असेलच ना."

मी त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसलो. माझे असामान्य घर, माझे बावन्न पूर्णांक चार टक्के, ज्या भिंतीवर मी आदराने हात ठेवला होता ती भिंत, हे सगळे त्या कोटात बसले होते. भागाकारात चूक नव्हती. मी घराची गरज मोजली, असे समजत होतो; प्रत्यक्षात एका म्हाताऱ्याने काय काय मागितले नाही, ते मोजले होते. आणि बॉयलर बिचारा तीन हिवाळे निर्दोष असून आरोपी ठरला होता.

बायकोला सांगणे भाग होते. ती आधी रागावली, मग बाबांच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. बाहेर ऐकू येत होते ते एवढेच: "बाबा, मी काय परकी आहे?" आणि बऱ्याच वेळाने त्यांचा खोकला. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "तुम्ही रोज दोनदा तापमान बघत होतात ना?" मी हो म्हणालो. "त्यांच्याकडेही बघत होतात का?" या प्रश्नाला दशांशात उत्तर देता येत नव्हते.

बाबांनी व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे कबूल केले आणि शब्द पाळला. बॉयलरला मात्र हे नवे होते. तीन हिवाळे त्याने सकाळ-संध्याकाळ तेवढी नोकरी केली होती. दिवसभर काम पडताच त्याने आठवड्याच्या आत एक दीर्घ शिटी मारली आणि प्राण सोडला. दुरुस्तीवाला येऊन त्याच्याकडे इस्पितळातल्या नातेवाइकासारखा पाहत राहिला. याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, असे म्हणाला. मी निदान तात्पुरते काही होईल का विचारले, तर म्हणाला, "स्वेटर."

त्याच आठवड्यात मेव्हणा गाडी घेऊन आला. बाबांची बॅग लहान होती. "पंप बसेपर्यंतच," बायको तीन-तीनदा म्हणाली. बाबांनी जाताना आपल्या खोलीतला, आता निर्जीव असलेला, व्हॉल्व्ह बंद केला. गाडीत बसता बसता मेव्हणा म्हणाला, "साधारण महिन्याभरात होईल ना, भाऊजी?" मी त्याला तारीख सांगू शकलो नाही. आयुष्यात प्रथमच माझ्याकडे 'साधारण'सुद्धा नव्हते.

आता सर्व गणित नव्याने मांडले. घर सदैव वीस अंशांवर, बाबांची खोली धरून. उत्तर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आले. म्हणजे दंतवैद्यांचे सूत्र बरोबर ठरले, आणि हे मला सर्वात झोंबले. पंप मोठा घ्यावा लागणार होता. मोठ्या पंपाला घराची वीजजोडणी पुरेना. वीज मंडळाने सांगितले की जोडणी वाढवायला रस्ता खणावा लागेल, आणि रस्ता नगरपालिकेचा आहे. साडेचार पगारांचे आठ झाले, जोडणी धरून नऊ.

नव्या आकड्यासह मी खिडकीपाशी गेलो. मोजे अजून तिथेच होते; वाळले असावेत. गृहस्थांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले.

"एकाच घराचे दोन आकडे. यातला खोटा कुठला?"

"खोटा कुठलाच नाही. पहिलं मोजमाप बरोबर होतं, गृहीतक चुकलं होतं."

"अर्जात गृहीतकाला जागा नाही." त्यांनी बोट ठेवून दाखवले. "मागणी वाढल्याचं कारण लिहा. घराची वाढ, कुटुंबाची वाढ, किंवा इतर."

मी 'इतर'समोर खूण केली आणि पुढच्या रेघेवर लिहिले: सासरे.

त्यांनी ते वाचले. "सासरे वाढले?"

"सापडले," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग त्यांनी शिक्का मारला; शेजाऱ्यांची पत्रेसुद्धा मागितली नाहीत. शासकीय यंत्रणेने आजवर माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार. कारण मला कळले नाही, आणि मी खोदून विचारलेही नाही.

त्यापुढचे दिवस आठवणीत ठेवण्यासारखे नाहीत. विजेवर चालणारी एक लहान शेगडी आम्ही खोलीखोलीतून नेत असू आणि तिच्यामागे फिरत असू. बायको तिच्यापुढे बसून वह्या तपासे आणि मुलांना नेहमीपेक्षा कमी गुण देई. माझ्या दाढेने दंतवैद्यांचे निदान खरे केले. रस्ता खणला गेला, त्यात विमाबाईंचे पाणी बंद झाले, आणि त्या पुन्हा माझ्याशी बोलू लागल्या. फक्त विषय एकच होता. बायको रोज बाबांना फोन करी. ते बरे होते. खोकला थांबला होता. ही बातमी ऐकून आनंद झाला पाहिजे, असे आम्ही दोघे एकमेकांना सांगत असू. संध्याकाळी मी प्रयोगशाळेतली एखादी गोष्ट सांगायला तोंड उघडत असे आणि खोलीत कोण आहे ते पाहून मिटत असे.

पंप सुरू झाला तेव्हा हिवाळ्याचे शेपूट उरले होते. कुंपणावर सकाळी अजून दव गोठत होते. घर तापले. बाबांच्या खोलीतला किमान-कमाल तापमापक मी रोज पाहू लागलो. किमान एकोणीस पूर्णांक नऊ. रिकामा पलंग त्या तापमानात अगदी तंदुरुस्त होता.

बायको म्हणाली, "तुम्हीच जा आणायला. माझ्याच्याने त्यांना आग्रह होणार नाही. मी रडेन, आणि ते मग माझ्यासाठी म्हणून येतील."

मेव्हण्याच्या इमारतीत खरोखरच सगळीकडे सारखी ऊब होती. बाबा नुसत्या सदऱ्यावर बसले होते. रंग सुधारला होता, पण बोलणे आणखी बेताचे झाले होते. मेव्हणा कामावर, त्याची बायको कामावर, टीव्ही कोणासाठी तरी चालू होता. खोलीत रेडिएटर होता. त्याला व्हॉल्व्हच नव्हता.

"इथं बरं आहे," बाबा म्हणाले. "सगळ्या बिल्डिंगचं एकत्र बिल. मी असलो काय, नसलो काय, आकडा तोच. कोणाच्या खात्यावर मी पडत नाही." मग वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्यांनी तोच प्रश्न विचारला, ज्याची मला वाटेत धास्ती होती. "माझ्या खोलीला रोजचा खर्च किती येतो?"

मी तयारी करून आलो होतो. "हे तुमचं वर्तमानपत्र आहे ना, त्याच्या किमतीएवढा. रोज एक वर्तमानपत्र."

त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उचलून वरची किंमत वाचली.

"सबंध एक?"

"हो."

"जावईबापू, तीन वर्षांत मी तुमच्या तोंडून सबंध आकडा ऐकला नाही. वरचं काय झालं?"

मी खिडकीबाहेर पाहिले. खाली पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

"दोन पूर्णांक सात," मी म्हणालो.

"दोन पूर्णांक सात वर्तमानपत्रं. रोज." त्यांनी मनाशी हिवाळ्याचा हिशेब केला, ओठ हलताना दिसले. "फार आहे. राहू दे. मी इथं ठीक आहे. तुम्ही खोली बंद करून टाका."

संभाषण संपले होते. मी उठायला हवे होते. त्याऐवजी सवयीने माझ्या तोंडून शास्त्र बाहेर पडू लागले.

"बंद करता येणार नाही," मी म्हणालो. "म्हणजे येईल, पण पंप तुमची खोली धरून घेतलाय. मोठा. काम कमी पडलं की तो थोडा वेळ चालतो, बंद पडतो, पुन्हा चालतो. दर खेपेला सुरू होताना वीज वाया जाते, आणि यंत्र झिजतं ते वेगळंच. त्याला पुरेसं काम लागतं. तुमची खोली बंद ठेवली तर बाकीचं घर तापवायलाही तो जास्त खातो."

बाबांनी मान वर केली. "म्हणजे माल उचलला गेला नाही तर खराब होतो?"

"तसंच म्हणा."

"आणि हे तुम्ही ऑर्डर देताना बघितलं नाही?"

"ऑर्डर तुम्ही येणार म्हणून दिली."

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, थोडे थोडे करून, जसे ते नेहमी उठत. कपाटातून बॅग काढली, ती पलंगावर उघडली आणि मला रागावल्या सुरात म्हणाले, "एवढा माल पडून आहे, वाया चाललाय, आणि तुम्ही तासभर वर्तमानपत्रं मोजत बसलात! तो कोट द्या इकडे."

किती वाया जातो, ते त्यांनी विचारले नाही. मी तो आकडा काढलेला होता. दुसऱ्या दशांशापर्यंत काढलेला होता, आणि त्यासाठी कोणी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे, एवढा तो मुळीच नव्हता. मी त्यांना कोट दिला आणि गप्प राहिलो.